त्वचेचे प्रश्न : रापलेला चेहरा आणि ‘व्हिटॅमिन सी’चे सीरम

नागपूरचा उन्हाळा अंगावर येऊ लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय पालटतो. कोंडा, खाज, पायाच्या भेगा मागे पडतात आणि ‘चेहरा रापला आहे, काय लावू?’ हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुढे येतो. यंदा आलेल्या बहुतेक पत्रांत ‘व्हिटॅमिन सी’च्या, म्हणजेच ‘क’ जीवनसत्त्वाच्या सीरमचा उल्लेख असल्यामुळे या अंकातील सगळी जागा त्यालाच दिली आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून शाळेत शिक्षिका आहे. मानेवाड्याहून सिव्हिल लाइन्सला रोज स्कूटरने जाते-येते. पाच-सहा वर्षांपासून दोन्ही गालांवर आणि कपाळावर तपकिरी झाक आली आहे आणि डोळ्यांच्या कडांना बारीक रेषा दिसू लागल्या आहेत. मुलीच्या आग्रहावरून २० टक्क्यांचे व्हिटॅमिन सी सीरम मागवले. दोन-तीन दिवसांतच चेहरा चुरचुरू लागला, म्हणून थांबवले. दीड महिन्याने बाटली पुन्हा काढली तेव्हा पाण्यासारखे स्वच्छ असलेले सीरम कोऱ्या चहासारखे झाले होते. ते वापरावे का? आणि डॉक्टर मॅडम, मुळात अशा सीरमचा उपयोग होतो का?

उत्तर : ती बाटली टाकून द्या. उपयोगाबद्दल विचाराल तर तो होतो, परंतु जाहिरातीत सांगतात तेवढा नाही, आणि एकट्या सीरमने तर फारच थोडा होतो. आपल्या पत्रात या विषयातील जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन ज्या पेशींत तयार होते, तेथे टायरोसिनेज नावाचे विकर काम करते आणि त्या विकराला तांब्याच्या अणूंची गरज असते. ‘क’ जीवनसत्त्व त्या तांब्याशी संयोग पावून मेलॅनिन तयार होण्याचा वेग कमी करते, त्यामुळे डाग हळूहळू फिकट होतात. दुसरे काम कोलॅजेनचे. त्वचेला ताठपणा देणारे हे प्रथिन नीट विणले जाण्यासाठी शरीराला ‘क’ जीवनसत्त्व लागतेच. तिसरे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सूर्यकिरणांमुळे त्वचेत जे विध्वंसक रेणू तयार होतात, त्यांना हे जीवनसत्त्व निष्प्रभ करते. सनस्क्रीन किरणांना अडवते, तर अडवूनही आत शिरलेल्या किरणांची हानी सीरम काही प्रमाणात भरून काढते. म्हणून ते रात्रीऐवजी सकाळी, सनस्क्रीनच्या आधी लावायचे असते. एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

आता चुरचुरण्याविषयी. शुद्ध ‘क’ जीवनसत्त्व, म्हणजे बाटलीवर ‘एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड’ असे लिहिलेले असते ते, त्वचेत शिरावे यासाठी द्रावण बरेच आम्लयुक्त, म्हणजे ३.५ पेक्षा कमी पीएचचे ठेवावे लागते. अमेरिकेतील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले की २० टक्क्यांपर्यंत प्रमाण वाढवले तर त्वचेत अधिक जीवनसत्त्व उतरते, त्यापुढे वाढवून काही लाभ होत नाही. एवढे वाचून पुष्कळ जण थेट २० टक्क्यांची बाटली घेतात. आपल्यासारख्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेच्या बाबतीत ही घाई महागात पडते, कारण आपल्या त्वचेला कोणताही दाह झाला की ती त्याची खूण काळ्या डागाच्या रूपाने मागे ठेवते. पुरळ फुटल्यावर महिनोन्महिने राहणारा डाग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. सीरमने चेहरा सतत चुरचुरत राहिला, तर जो डाग घालवण्यासाठी ते घेतले त्याच्याच शेजारी नवा डाग उमटू शकतो. आपण ते वेळीच थांबवले, हे फार बरे केले.

पुन्हा सुरुवात करायची असेल तर १० टक्क्यांचे सीरम घ्या. आधी कानामागे चार-पाच दिवस लावून पाहा. त्रास झाला नाही तर चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर चार-पाच थेंब, सुरुवातीला एक दिवसाआड लावा. लावल्यावर दोन-चार मिनिटे किंचित झिणझिण्या आल्या तर चालेल. मात्र आग होणे, लाली राहणे किंवा खाज येणे चालवून घेऊ नका. एकदा त्वचेत मुरलेल्या जीवनसत्त्वाचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे चार दिवस लागतात, त्यामुळे एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावण्याचे काही कारण नाही. १० टक्केही सोसवत नसेल तर मॅग्नेशियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट, सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट किंवा अ‍ॅस्कॉर्बिल ग्लुकोसाइड यांपैकी एखादे असलेले सीरम पाहा. ही त्याच जीवनसत्त्वाची सौम्य आणि अधिक टिकाऊ रूपे आहेत. त्यांचा परिणाम शुद्ध रूपाइतका भक्कमपणे सिद्ध झालेला नाही, तरीही न सोसणाऱ्या शुद्ध सीरमपेक्षा रोज लावता येणारे सौम्य सीरम मी केव्हाही पसंत करीन.

सीरम तपकिरी का झाले, याचे उत्तर आपल्या शहराच्या हवामानात आहे. ‘क’ जीवनसत्त्व हवा, प्रकाश आणि उष्णता या तिन्हींना भिते. कापलेले सफरचंद जसे तपकिरी पडते तसेच तेही हवेशी संयोग पावून आधी पिवळे, मग तपकिरी होते आणि त्याचे काम संपते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश तापमान असताना वरच्या मजल्यावरील खोलीतले लोखंडी कपाट किती तापते हे कोणाही नागपूरकराला सांगायला नको. घरपोच मागवलेली बाटली तर आपल्या हाती येण्यापूर्वीच दिवसभर तापलेल्या गाडीतून फिरलेली असू शकते. म्हणून माझ्या रुग्णांना मी सांगते की उन्हाळ्यात सीरम मागवू नका, वातानुकूलित दुकानातून घ्या. १५ किंवा २० मिलिलिटरची लहान, गडद काचेची बाटली निवडा. ती फ्रीजमध्ये ठेवा, थेंब काढले की लगेच झाकण घट्ट लावा आणि उघडल्यापासून दोन-तीन महिन्यांत संपवा. किंचित पिवळसर छटा आलेले सीरम वापरता येते, नारिंगी किंवा तपकिरी झालेले नाही. ज्या सीरममध्ये ‘ई’ जीवनसत्त्व आणि फेरुलिक आम्ल सोबत असते, ते अधिक टिकते आणि उन्हापासूनचे संरक्षणही वाढवते; २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फेरुलिक आम्ल मिसळल्याने हे संरक्षण जवळजवळ दुप्पट झाल्याचे आढळले होते.

मात्र आपल्या चेहऱ्याचे खरे भवितव्य सनस्क्रीनवर ठरणार आहे. नागपुरात २६ मेच्या आणि पुन्हा १७ जुलैच्या सुमारास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या काळात सूर्यकिरणांना वातावरणातून कमीत कमी अंतर कापावे लागते, त्यामुळे अतिनील किरणांचा मारा सर्वाधिक असतो. जुलैतल्या ढगाळ दिवशीही तो बराचसा ढगांतून गाळून खाली येतो, आणि आपण मात्र पावसाळा लागला की सनस्क्रीन बंद करतो. एसपीएफ ३० किंवा ५० चे, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असे लिहिलेले सनस्क्रीन घ्या आणि तर्जनी व मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेषा चेहरा-मानेसाठी वापरा. वाटाण्याएवढे लावून छापील एसपीएफच्या निम्मेही संरक्षण मिळत नाही. शाळा सुटल्यावर स्कूटर काढण्यापूर्वी ते पुन्हा लावा. आपल्या रंगाच्या त्वचेत दृश्य प्रकाशानेही, विशेषतः त्यातील निळ्या भागाने, डाग गडद होतात आणि साधे सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाची छटा असणारे ‘टिंटेड’ सनस्क्रीन उपयोगी पडते.

आपल्याकडे मुली आणि बायका गाडीवर बसण्यापूर्वी चेहऱ्याला दुपट्टा किंवा स्कार्फ गुंडाळतात, ही सवय मला मनापासून आवडते. फक्त तो घट्ट विणीचा आणि शक्यतो गडद रंगाचा असावा. पातळ, जाळीदार कापडातून ऊन सहज आत येते. घट्ट बांधून रोज घर्षण होत राहिले तर गालाच्या हाडावर आणि नाकावर काळेपणा येतो, म्हणून कापड सुती, मऊ असावे आणि ते किंचित सैल बांधावे.

शेवटी एक शंका. दोन्ही गालांवर आणि कपाळावर सारखाच पसरलेला तपकिरी रंग हा बहुधा ‘वांग’ असतो. वांगामागे ऊन असतेच, पण त्याच्या जोडीला घराण्याचा वारसा आणि संप्रेरकांतील बदलही असतात. तो सीरमने थोडा फिकट होईल, मात्र पूर्ण जाणार नाही. त्वचारोगतज्ज्ञांना एकदा चेहरा दाखवा, आणि केसांना लावण्याचा रंग किंवा ‘काळी मेंदी’ वापरत असाल तर तेही सांगा, कारण त्यातील रसायनांच्या अ‍ॅलर्जीनेही कपाळ आणि कानशिले काळवंडतात. तोवर सीरम आणि सनस्क्रीन आठ ते बारा आठवडे नेमाने वापरा. सुरुवातीला एक छायाचित्र खिडकीच्या उजेडात काढून ठेवा आणि त्याच जागी तीन महिन्यांनी दुसरे काढा, कारण आरशात रोज पाहणाऱ्याला इतका सावकाश होणारा फरक कळत नाही.

प्रश्न : मी काटोलची असून नागपुरात वसतिगृहात राहून शिकते. वय १९. आमच्या घरी संत्र्याची बाग आहे. आजी संत्र्याच्या साली उन्हात वाळवून त्याची पूड करून देते आणि त्यात लिंबू पिळून चेहऱ्याला लावायला सांगते. संत्र्यात आणि लिंबात व्हिटॅमिन सी भरपूर असताना महागडे सीरम कशाला घ्यायचे?

उत्तर : आजीने मायेने दिलेली पूड टाकून द्या असे सांगणे जिवावर येते, पण चेहऱ्यासाठी तिचा उपयोग नाही आणि लिंबाने तर अपाय होतो. साली उन्हात कडकडीत वाळवताना त्यातील ‘क’ जीवनसत्त्वाचा बराच भाग नाहीसा होतो. उरते ती खरखरीत पूड आणि सालीतले सुगंधी तेल. पैकी पुडीने त्वचा खरवडली जाते आणि तेलाने काहींना अ‍ॅलर्जी होते. लिंबाचा हिशेब करून पाहा. १०० मिलिलिटर रसात हे जीवनसत्त्व साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम असते, तर १० टक्क्यांच्या सीरमच्या तेवढ्याच मापात १०,००० मिलिग्रॅम, म्हणजे किमान दोनशे पट. लिंबातील जळजळ प्रामुख्याने सायट्रिक आम्लाची असते. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात अशी काही द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड येऊन त्यांचे काळे डाग कित्येक आठवडे राहतात. उन्हाळ्यात सरबत करणाऱ्या हातांवर असे ओघळाच्या आकाराचे डाग मी पाहिलेले आहेत.

फळात जीवनसत्त्व आहे याचा अर्थ ते फळ चोळल्याने त्वचेत उतरते असा होत नाही. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाला ज्या कामासाठी १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात ‘क’ जीवनसत्त्वाचा मोठा साठा त्याला गवसला होता तो लाल ढोबळ्या मिरचीत. म्हणून कोणी मिरची चेहऱ्याला लावत नाही. संत्रे खा, भरपूर खा. १०० ग्रॅम संत्र्यातून साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम जीवनसत्त्व मिळते, पेरूत त्याच्या कित्येक पट असते आणि आवळ्यात त्याहूनही अधिक. माणसाचे शरीर हे जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही, त्यामुळे ते रोज पोटातून जायलाच हवे. आणि १९ व्या वर्षी आपल्याला सीरमची गरजही नाही. त्या पैशांत चांगले सनस्क्रीन घ्या. आजीने मायेने काहीतरी लावायला सांगितलेच आहे, तर साय किंवा खोबरेल तेल हातापायांना लावा.

प्रश्न : वय ५१. औषधांच्या वितरणाचा व्यवसाय असून आठवड्यातून पाच दिवस नागपूर, वर्धा, यवतमाळ असा मोटारीने प्रवास होतो. माझा उजवा गाल डाव्यापेक्षा ठळकपणे काळा आणि सुरकुतलेला दिसतो. काचा बंद असतात, एसी सुरू असतो, मग ऊन लागले कसे? पुरुषांनी सीरम वापरावे का?

उत्तर : आपले निरीक्षण अगदी अचूक आहे. अतिनील किरणांपैकी यूव्ही-बी किरण काच अडवते, पण यूव्ही-ए किरणांचा मोठा भाग मोटारीच्या बाजूच्या काचेतून आत येतो. पृथ्वीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत यूव्ही-ए सुमारे ९५ टक्के असतात. ते भाजत नाहीत, म्हणून जाणवत नाहीत, परंतु त्वचेत खोलवर जाऊन कोलॅजेन तोडतात. समोरची काच दोन थरांची असल्याने बरेच संरक्षण देते, बाजूची तेवढे देत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६९ वर्षांच्या एका चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. त्याने २८ वर्षे मालवाहू गाडी चालवली होती आणि त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेली होती. तेथे चालक डावीकडे बसतो, म्हणून त्याचा डावा गाल, आपल्याकडे उजवा.

सीरमला स्त्री-पुरुष भेद नाही. दाढी केल्यानंतर लगेच मात्र लावू नका, कारण वस्तऱ्याने सोललेल्या त्वचेवर ते झोंबते. दाढी रात्री करा किंवा त्या दिवशी सीरम वगळा. सनस्क्रीन निघताना लावाच, दुपारच्या जेवणाच्या थांब्यावर पुन्हा लावा, आणि स्टिअरिंगवरच्या हातांना विसरू नका. ट्यूब मोटारीच्या कप्प्यात ठेवू नका, तेथील उष्णतेने तीही बिघडते. पडलेल्या सुरकुत्या सीरमने जाणार नाहीत, रंगातील फरक थोडा कमी होईल. सुरकुत्यांसाठी रात्री लावण्याचे ट्रेटिनॉइन अधिक प्रभावी असते, परंतु ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करायचे. गालावर एखादा खरबरीत, वारंवार खपली धरणारा किंवा आकार बदलणारा डाग असेल तर त्यावर काहीही लावण्याआधी तो दाखवा.

प्रश्न : वय २६. लग्नाआधी चेहरा उजळावा म्हणून ओळखीच्या औषध दुकानातून एक क्रीम आणले. महिन्याभरात खूप फरक पडला. आता ते थांबवले की चेहरा लाल होतो, पुरळ येतो, उन्हात आग होते आणि गालांवर लव वाढली आहे. व्हिटॅमिन सी सीरमने त्वचा पूर्ववत होईल का?

उत्तर : नाही, आणि कृपा करून सध्या ते लावूच नका. आपण वर्णन केलेली लक्षणे चेहऱ्यावर स्टेरॉइड दीर्घकाळ लावल्याने दिसणारी आहेत. क्रीमच्या ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादे नाव बारीक अक्षरांत दिसेल. बहुधा सोबत डाग फिकट करणारे हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असेल. वांगासाठी हे मिश्रण आम्हीही क्वचित देतो, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि देखरेखीखाली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टेरॉइडांचा ‘शेड्यूल एच’मध्ये समावेश केला, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती सर्रास मिळतात आणि त्यांची किंमत आपल्यासारख्या मुली मोजतात, याचा मला संताप येतो.

ट्यूब सोबत घेऊन या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. क्रीम कसे थांबवायचे, हे त्यांना ठरवू द्या. अशा त्वचेचे वरचे आवरण पातळ झालेले असते, त्यावर आम्लयुक्त सीरम म्हणजे जखमेवर लिंबू. तोपर्यंत सौम्य फेसवॉश, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन एवढेच वापरा. त्वचा सावरायला काही महिने लागतात, परंतु बहुतेकींची सावरते. आणि लग्नाआधी उजळण्याची गरज होती असे ज्यांनी सुचवले, त्यांचे म्हणणे आपण मनावर घेऊ नये असे मला कळकळीने वाटते. सीरमचे काम रंग एकसारखा करण्यापुरते आहे. जन्मजात वर्ण ते बदलत नाही आणि बदलावाही लागू नये.

प्रश्न : माझ्या १५ वर्षांच्या मुलाची मान आणि काखा काळ्या पडल्या आहेत. घासून निघत नाही. मानेला सीरम लावले तर चालेल का?

उत्तर : त्वचा मखमलीसारखी जाड झाली असेल आणि वजनही वाढलेले असेल, तर हा मळ किंवा उन्हाचा परिणाम नाही. शरीर इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नसल्याची ती खूण असते. घासणे थांबवा, त्याने काळेपणा वाढतो. सीरमऐवजी मुलाला डॉक्टरांकडे न्या आणि रक्तातील साखर तपासून घ्या. वजन उतरले की मानही उजळते.

प्रश्न : मी सहा महिन्यांची गरोदर आहे आणि गालांवर वांग आले आहे. पूर्वीपासून सकाळी व्हिटॅमिन सी सीरम आणि रात्री रेटिनॉल लावत होते. दोन्ही सुरू ठेवू का?

उत्तर : रेटिनॉल आजच बंद करा आणि हायड्रोक्विनोन असलेले काहीही लावू नका. व्हिटॅमिन सीचे सीरम गरोदरपणात चालते. आपल्या प्रसूतीतज्ज्ञांना मात्र तसे सांगून ठेवा. या काळात वास सोसत नसेल तर सुगंधविरहित सीरम घ्या. वर सांगितलेले टिंटेड सनस्क्रीन घरात असतानाही, विशेषतः खिडकीजवळ बसत असाल तर, लावा. गरोदरपणातले वांग बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप फिकट होत जाते, त्यामुळे आता कोणतेही पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे) किंवा लेसर करून घेऊ नका. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंतही ते टिकून राहिले तर एकदा दाखवायला या, आणि तेव्हा अंगावर पाजत असाल तर तेही सांगा, म्हणजे त्यानुसार औषध ठरवता येईल.